हिरवट समुद्र

उस्ताद : हे? एवढंच? अगं, ह्या बाटलीत नुसतं पाणी दिसतंय मला!

पुतणी : पाणी नाही काका, स्पिरिट आहे. त्यात जस्ताचे कण आहेत.

उस्ताद : कुठे आहेत?

पुतणी : ते दिसत नाहीत.

उस्ताद : वा! चाळीस वर्षं ह्या दप्तरखान्याच्या तळघरात मी जुने कागद सांधले. कसर बघितली, वाळवी बघितली, उंदीर बघितले, साहेब बघितले. पण न दिसणारं औषध घेऊन येणारी तू पहिलीच. किल्लीताई, ऐकलंत का? आमची पुतणी सात वर्षं परदेशात शिकली आणि बाटलीत हवा भरून घेऊन आली.

किल्लीताई : ऐकतेय. तुम्ही आधी बसा, उस्ताद. जिना उतरून आलात, धाप लागलीय.

उस्ताद : पायऱ्या वाढवल्यात का हो ह्यांनी?

किल्लीताई : पायऱ्या तेवढ्याच आहेत. गुडघे बदलले नऊ वर्षांत.

पुतणी : काका, एका केसाच्या जाडीत हे दीड हजार कण ओळीने उभे राहतील. म्हणून दिसत नाहीत. नकाशाच्या मागच्या बाजूने बारीक तुषार मारायचा, तीनदा, मध्ये वाळू द्यायचं. बुरशीच्या पेशीला हे कण चिकटले की तिची भिंत फुटते. मग ती पसरत नाही.

उस्ताद : पी हळद आणि हो गोरी! इतकं सोपं असतं ना, तर आम्ही काय झक मारायला रात्रंदिवस खळ घोटत बसलो होतो? तीनशे वर्षांचा बंदराचा नकाशा आहे तो. नऊ फूट रुंद. तेहतीस वर्षांपूर्वी वरचा पाण्याचा नळ फुटला आणि त्याचा लगदा व्हायचा बाकी होता. दोन वर्षं लागली मला तो उभा करायला. आणि आता तू त्याच्यावर पिचकारी मारणार?

पुतणी : तुम्हाला दोघांना लागली दोन वर्षं. बाबांनाही.

उस्ताद : हो हो. तुझ्या बापालाही. त्याचं आता काढू नकोस, चांगल्या कामात.

किल्लीताई : चहा ठेवू का?

उस्ताद : ठेवा. हिचा चहा नको मात्र. ती त्यात कण घालील.

पुतणी : घातलेत कधीच. दिसले नाहीत ना?

उस्ताद : जीभ बघा! ही जीभ बापाकडची नाही. तो मुखदुर्बळ. ही माझ्याकडची.

पुतणी : काका, हे बंद पाकीट फोडते. ह्या दोन पट्ट्या. जुनाच कागद, मागे कापड, मध्ये तुमच्याच पद्धतीची गव्हाची खळ, मीच शिजवली. एकीवर कण मारलेत, एकीवर नाहीत. कुठली कुठली ते तुम्ही बोटाने सांगा. तुमच्या बोटाची ख्याती आहे म्हणतात.

उस्ताद : म्हणतात काय, आहे! आण इकडे. चष्मासुद्धा नको. ...हं. ही बघ. ही खरखरते. बोटाला रेतीसारखं लागतंय. अशी घासली जाईल, रंग उडेल, दहा वर्षांत समुद्राची माती होईल. हेच सांगत होतो मी! आणि ही... आहाहा. ही खळ. लोण्यासारखी. कागद आणि कापड नवरा-बायकोसारखे बसलेत. हिला हात लावायचा नाही, समजलं? दुरुस्ती म्हणतात ती हिला.

पुतणी : उलटी करा.

उस्ताद : काय आहे मागे? चष्मा द्या हो कुणीतरी.

किल्लीताई : थांबा, मी वाचते. खरखरीत म्हणालात तिच्यावर लिहिलंय, 'नुसती खळ'. आणि लोण्यावर लिहिलंय, 'खळ आणि कण'.

उस्ताद : ...तू मागची अक्षरं बदलली असशील.

पुतणी : तुमच्यासमोर बंद पाकीट फोडलं.

उस्ताद : मग एक डाव हुकला. पंचाहत्तर वय आहे, बोटांना थंडी वाजते इथे. एका पट्टीने काय होतंय? पट्टी काय, नकाशा काय!

पुतणी : आता ही पेटी बघा. ह्याच दोन पट्ट्यांच्या जुळ्या बहिणी. सहा आठवडे दमट पेटीत ठेवल्या होत्या, नकाशावरून खरवडलेली बुरशी मुद्दाम टोचून.

उस्ताद : ई! ही तर काळी ठिक्कर पडलीय.

पुतणी : ती नुसती खळ. बुरशीला काय, आयतं जेवण. गव्हाचं पीठ, तेही शिजवलेलं. आणि ही दुसरी.

उस्ताद : हिला काही झालं नाही.

पुतणी : नाही झालं.

उस्ताद : आज नाही झालं. दहा वर्षांनी? वीस वर्षांनी? तुझी हवा किती वर्षं टिकते?

पुतणी : आठ वर्षांपर्यंतच्या चाचण्या आहेत. त्यापुढचं माहीत नाही.

उस्ताद : माहीत नाही! किल्लीताई, ऐका! डॉक्टरीणबाई म्हणतात, माहीत नाही!

पुतणी : हो. आणि अर्जातही तसंच लिहिलंय मी, 'आठ वर्षांपुढचं माहीत नाही'. जे माहीत नाही ते माहीत नाही असं लिहायला लाज कसली?

उस्ताद : आमच्या वेळी असं लिहिलं असतं तर साहेबाने बाहेरचा रस्ता दाखवला असता.

किल्लीताई : तुमच्या वेळी न लिहितासुद्धा दाखवला एकाला.

उस्ताद : तुम्ही चहाकडे बघा. उतू जातोय.

पुतणी : काका, कामाचं बोलू. चार वाजता समिती बसतेय. नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. जिवंत कारागिराच्या दुरुस्तीला हात लावायचा तर आधी त्याची लेखी संमती. गेल्या वर्षी थंड हवेचं यंत्र दोन महिने बंद पडलं आणि नकाशाला बुरशी लागली. निम्म्या भागाला. आता दोनच मार्ग आहेत. एक, वरची बुरशी साफ करून मागून हे कण मारायचे. दोन, बुरशी लागलेल्या भागाची जुनी दुरुस्ती पूर्ण सोलून काढायची आणि नव्याने करायची. समितीतले दोघे सोलायच्या बाजूचे आहेत. नोंदीत कारागीर म्हणून नाव तुमचं, म्हणून सही तुमची.

उस्ताद : निम्म्या भागाला म्हणालीस?

पुतणी : निम्म्या. मधल्या सांध्यापर्यंत. बुरशी सांध्यावर येऊन थांबलीय, जणू कुणी रेघ मारलीय.

उस्ताद : हां! मग असं बोल ना! अगं, मग एवढा घोळ कशाला घातलास? डावी बाजू. तुझ्या बापाची.

(पुतणी बाटलीचं बूच घट्ट लावते.)

उस्ताद : बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. सख्खा भाऊ आहे माझा, पण हात जड. तो डावखुरा, म्हणून डावीकडून त्याने सुरुवात केली, उजवीकडून मी. मधल्या सांध्यावर भेटायचं असं ठरलं. आता खळीला बुरशी धरू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचं, हा नियम. शेरभर खळीला चिमूटभर. पण ते मोजून घालायला लागतं. ह्याने घातलं ओंजळभर! नकाशा उभा केला तर माझा समुद्र निळाशार आणि ह्याचा हिरवट. शेवाळलेल्या टाकीसारखा! साहेब समोर उभे राहिले आणि म्हणाले, "उस्ताद, उजवीकडे लाटा ऐकू येतात. डावीकडे काय झालं?" मी काय सांगणार? हात वर केले.

किल्लीताई : हात वर नाही केलेत. वहीत लिहिलंत.

उस्ताद : नोंद करावी लागते! दुरुस्ती-वही आहे ती, वाण्याची उधारी नाही. जे झालं ते लिहिलं.

पुतणी : काय लिहिलं होतं?

उस्ताद : एकतीस वर्षं झाली.

पुतणी : मला पाठ आहे. "दोन्ही बाजूंच्या खळीत नियमाप्रमाणे मोरचूद. डावी बाजू सहायकाच्या प्रमाणाच्या अज्ञानामुळे हिरवट झाली. सहायकास मोजमाप कळत नाही." आणि पुढच्या महिन्यात बाबांची नोकरी गेली.

उस्ताद : मग! कळत नव्हतंच. पण मी घालवली नाही हो नोकरी. साहेबांनी घालवली.

पुतणी : मोजमाप कळत नसलेल्या माणसाने पुढे सव्वीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली, काका. वजनकाट्यावर. एक गुंजभर चूक नाही. मालकाने शेवटच्या दिवशी काटा भेट दिला.

उस्ताद : ठोकर खाल्ली म्हणजे शहाणपण येतं माणसाला.

पुतणी : घरी चहाची पावडर मोजून घालतात, माहीत आहे? रोज. चमचा घ्यायचा, बोटाने सपाट करायचा, परत बघायचा. आई म्हणायची, अहो चहा आहे, विष नाही. तरी मोजणार. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचे बाबा असेच चहा करतात.

उस्ताद : ...बरं, ते राहू दे. आता सही कुठे करायची सांग.

पुतणी : कशावर? कणांवर की सोलण्यावर?

उस्ताद : सोलण्यावर! कशाला बाटल्या वाया घालवता त्याच्या कामावर? मुळात वाईट दुरुस्ती. सोला बिनधास्त! एकतीस वर्षांपूर्वीच सोलायला हवी होती. मीच म्हणालो होतो साहेबांना, पैसे नव्हते म्हणून राहिली. आण तो कागद.

किल्लीताई : उस्ताद, आधी एकदा नकाशा बघून घ्या की. तिथेच तर आहे टेबलावर, कापडाखाली.

उस्ताद : बघायचं काय त्यात? हाताच्या काकणाला आरसा कशाला? बुरशी मला तोंडपाठ आहे. पेन.

पुतणी : काका, खरंच बघून घ्या.

उस्ताद : तुला बापाचं काम वाचवायचंय, कळतंय मला. म्हणून हा सगळा जस्ताचा तमाशा. पण कामात नातं आणायचं नसतं, पोरी. मी आणलं नाही. हे घे, लिहितो. "बुरशीग्रस्त भागातील दुरुस्ती मुळातच सदोष असून ती पूर्णपणे सोलून काढण्यास माझी हरकत नाही." आणि ही सही. झोकात. हात अजून कापत नाही, बघ.

पुतणी : कारणाचा रकाना राहिला. बुरशी का लागली?

उस्ताद : लिही, "कारागिराचा निष्काळजीपणा".

पुतणी : तुमच्या अक्षरात हवं.

उस्ताद : हे घे. "कारागिराचा निष्काळजीपणा." झालं? आता काढा ते कापड, एकदा डोळे भरून माझा समुद्र बघतो आणि जातो घरी.

(पुतणी आणि किल्लीताई दोन्ही टोकांनी कापड उचलतात.)

किल्लीताई : चष्मा हवाय का?

उस्ताद : उलटा ठेवलाय तुम्ही.

पुतणी : नाही.

उस्ताद : पाठ वर आहे. पाठ वर असली की बाजू बदलते, एवढंही कळत नाही का तुम्हाला?

पुतणी : समुद्र दिसतोय की तुम्हाला. बंदर दिसतंय, जहाजं दिसतायत. पाठ कशी वर असेल? आणि हे जे हिरवट आहे, स्वच्छ, एक डाग नाही, ही डावी बाजू. आणि हे जे काळं...

उस्ताद : गप्प बस.

पुतणी : बरं.

उस्ताद : ही भिंत. उजवीकडची भिंत ओली असणार. मी नेहमी सांगायचो, उजव्या भिंतीला ओल आहे.

किल्लीताई : भिंतीवर कुठे होता तो? तुम्ही गेलात त्या वर्षीच उतरवला. नऊ वर्षं नळकांड्यावर गुंडाळून पडलाय खोलीच्या मधोमध. किल्ली माझ्याकडे.

उस्ताद : मग गुंडाळणाऱ्याचे हात ओले असतील. मध्ये सांध्यापाशी आम्ही बाजू बदलल्या होत्या. हो, आठवलं. तो भाग त्याने केला असणार.

पुतणी : हा दिवा बघा. मी तो आडवा धरते, कागदाला टेकवून. आता खळीचे फटकारे उठून दिसतात. डावीकडचे सगळे असे, डाव्या हाताचे. सांधा ओलांडला की असे, उजव्या हाताचे. नऊ फुटांत एकही फटकारा चुकीच्या बाजूला नाही. तुमचाच हात आहे काका. झोकात आहे.

(उस्ताद दिवा बाजूला सारतो.)

पुतणी : आणि दोन्ही बाजूंच्या खळीचे नमुने खरवडून तपासले. डावीकडे मोरचूद आहे. नियमात जेवढं सांगितलंय तेवढंच, ओंजळभर नाही. चिमूटभर. मोजून. नियमाप्रमाणे घातलं की एवढा हिरवटपणा येतोच. उजवीकडे...

उस्ताद : एकतीस वर्षांत उडून गेलं असेल.

किल्लीताई : मोरचूद उडून गेलं! कापूर आहे का तो, उस्ताद? स्वतःच्या पुतणीला सांगा असलं, मला सांगा, पण त्या नकाशाला तरी सांगू नका.

उस्ताद : तुम्ही किल्ल्या सांभाळा!

किल्लीताई : तेहतीस वर्षं सांभाळतेय. तेव्हा मी नवीन होते, फडताळाची किल्लीही माझ्याकडे. मोरचुदाची बरणी रोज सकाळी एकजण मागायला यायचा, दुसरा नाही. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नोकरी नवी होती. माझंही चुकलंच ते. पण मी निदान वहीत खोटं लिहिलं नाही.

पुतणी : तुम्ही घातलंच नव्हतं ना, काका?

उस्ताद : ...नव्हतं घातलं.

पुतणी : थेंबभरही?

उस्ताद : नाही घातलं, नाही घातलं, नाही घातलं! झालं समाधान? तो निळा बघितला होतास का तू? तू तेव्हा पाळण्यात. धुऊन काढला तेव्हा त्या समुद्राचा निळा असा काही वर आला की मी बायकोला बोलावून दाखवला. आणि त्याच्या पाठीला ते हिरवं पाणी फासायचं? हात होईना माझा. तुझ्या बापाला म्हटलं, नको घालूस. तो म्हणाला, "दादा, आज सुंदर दिसेल, पण पुढे बुरशी येईल." मी म्हटलं, पुढचं पुढे. तो ऐकेना. नियम म्हणजे नियम. मेला, हिशेबी! मग मी म्हटलं, तुझं तू कर, माझं मी.

पुतणी : इथपर्यंत मला राग नाही. खरंच नाही. मोरचुदाने कागद ठिसूळ होतो, बाबांची डावी कड आता तडकतेय, तेही मी अहवालात लिहिलंय. तुमचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. पण वहीत "दोन्ही बाजूंना मोरचूद" का लिहिलंत?

उस्ताद : नियम होता म्हणून. नाही लिहिलं तर माझी नोकरी.

पुतणी : आणि लिहिलं म्हणून त्यांची.

उस्ताद : मला काय माहीत साहेब काढून टाकतील! मला वाटलं, रागावतील, दोन दिवसांनी विसरतील. तो माझा धाकटा भाऊ. मी त्याला कामाला लावलं होतं.

पुतणी : आणि मोरचूद म्हणून हाक मारायचात. लग्नात, बारशात, सगळ्या नातेवाइकांसमोर. "या मोरचूद, बसा मोरचूद, पोरीला पण हिरवी करणार का मोरचूद?" सगळे हसायचे. मीही हसायचे, लहान होते. बाबा पण हसायचे. हे जास्त घाणेरडं आहे, काका. बुरशी बरी. ती निदान तोंडावर येते.

उस्ताद : ...चहा गार झाला.

किल्लीताई : होऊ दे.

उस्ताद : तो कागद दे इकडे. सोलण्याचा.

पुतणी : हा घ्या.

उस्ताद : देतेस?

पुतणी : मग काय करू? तुमची सही घेऊन तुमचा समुद्र सोलू? "मुळातच सदोष" लिहिलंय तुम्ही स्वतःच्या अक्षरात. चार वाजता समितीपुढे ठेवला असता तर सहा महिन्यांत तुमच्या दोन वर्षांच्या कामाची पापुद्र्यासारखी सालं काढली असती त्यांनी. मला एकदा वाटलं, ठेवावा. खोटं कशाला बोलू? रात्रभर वाटलं. पण तो निळा चांगला आहे, काका. हरामखोरासारखा चांगला आहे. फाडा तुमचे तुम्हीच.

किल्लीताई : सावकाश. केराची टोपली इकडे आहे.

उस्ताद : आण तुझा दुसरा कागद. कणांचा. ही सही.

पुतणी : कारण?

उस्ताद : "जुनी ओल" लिहितो.

पुतणी : नाही.

उस्ताद : अगं, काय फरक पडतो? तुझी पिचकारी चालणार, नकाशा वाचणार, तुझं नाव होणार!

पुतणी : फरक कामात पडतो. मोरचूद असलेल्या खळीवर कणांचं प्रमाण वेगळं, नुसत्या खळीवर वेगळं. मी आज आहे, उद्या नसेन. पंधरा वर्षांनी कुणीतरी वही उघडेल, "दोन्ही बाजूंना मोरचूद" वाचेल आणि उजवीकडे निम्मंच औषध मारेल. मग तुमचा समुद्र परत काळा. ह्या वेळी कायमचा.

उस्ताद : मग तू लिही वहीत. तुझ्या अहवालात लिही.

पुतणी : अहवाल फायलीत जातो, फाइल कुणी वाचत नाही. वही वाचतात. आणि वहीतल्या दुसऱ्याच्या नोंदीखाली कुणी हात चालवायचा नाही, हा तुमचाच नियम. खोडायचं नाही, चिकटवायचं नाही. ज्याची नोंद त्यानेच खाली लिहायचं.

उस्ताद : सगळेच नियम बरे लक्षात राहतात तुझ्या.

पुतणी : बापावर गेलेय.

किल्लीताई : वही काढून ठेवलीय मी सकाळीच. हे पान. बघा, तेव्हा किती घाईघाईने मिटली होतीत. ओली शाई समोरच्या पानावर उमटलीय. "मोजमाप कळत नाही" हे दोनदा दिसतं, एकदा सरळ, एकदा उलटं.

उस्ताद : दौत कुठाय?

किल्लीताई : इथे.

उस्ताद : ...हात कापतोय.

पुतणी : मघाशी झोकात होता.

उस्ताद : पुरे गं! किती टोचशील? लिहितोय ना. ..."उजव्या बाजूच्या खळीत मोरचूद घातलेले नाही. ते घातल्याची वरील नोंद खोटी आहे, ती मी केली. डाव्या बाजूचे प्रमाण नियमाप्रमाणे होते. सहायकास..."

पुतणी : काय झालं?

उस्ताद : "सहायकास मोजमाप कळत होते." असं लिहू?

पुतणी : सहायक कोण? एकतीस वर्षं त्या वहीत बाबांचं नाव नाहीये. शिक्षा झाली ती सहायकाला. काम केलं ते तुम्ही.

उस्ताद : नाव लिहितो. पूर्ण लिहितो, वडिलांच्या नावासकट. वडील तर एकच आहेत आमचे. ...हे घे. वाच.

पुतणी : वाचलं.

उस्ताद : बरोबर आहे?

पुतणी : बरोबर आहे.

उस्ताद : मग रडतेस कशाला? कागदावर पाणी पडेल, मागे हो.

किल्लीताई : पोरी, बापाला फोन लाव. मी एकतीस वर्षं गप्प बसले, आता माझ्याच्याने बसवत नाही.

पुतणी : बाबा? हो, जेवले. नाही, अजून तळघरातच आहे. बाबा, इथे काका आलेत. ...हो, आपले काका. नाही, भांडण नाही झालं. झालं थोडं. थांबा, देते त्यांच्याकडे.

उस्ताद : मी काय बोलू? नको. आठ वर्षांत बोललो नाही आम्ही. ठेव तो.

पुतणी : घ्या काका.

उस्ताद : ...हॅलो. हो. मीच. ...हां, बरं आहे. गुडघे दुखतात. ...ऐक. तो आपला बंदराचा नकाशा, बुरशी लागलीय त्याला. ...नाही. तुझी बाजू नाही. माझी. ...हो. तू म्हणालास तसंच. ...तुझी पोरगी करतेय काहीतरी, न दिसणारं. चांगलं करतेय. ...ऐक ना रे. वहीत लिहिलं मी आज. सगळं. तुझं नाव घालून. ...हो, शाईने. ...हो. ...बरं. ...बरं, ठेवतो.

पुतणी : काय म्हणाले?

उस्ताद : काही नाही.

पुतणी : काका, काय म्हणाले?

उस्ताद : म्हणाला, "दादा, शाई वाळेपर्यंत वही मिटू नकोस."